लाल खडकांतून सीक्यू

पार्क्स ऑन दी एअर या उपक्रमाचा मूळ नियम सोपा आहे. यादीत नोंदलेल्या एखाद्या उद्यानाच्या हद्दीत जाऊन आपले हौशी रेडिओ केंद्र उभारायचे आणि यूटीसी म्हणजे जागतिक वेळेने मोजलेल्या एकाच दिवसात किमान दहा संपर्क नोंदवायचे. तेवढे झाले की त्या उद्यानाचे ॲक्टिव्हेशन ग्राह्य धरले जाते. अशा केंद्रांना शोधून उत्तर देणाऱ्या ‘हंटर’ मंडळींवर संख्येची कोणतीही अट नसते. या उपक्रमाचा उगम २०१६ मध्ये सापडतो. अमेरिकेची राष्ट्रीय उद्यान सेवा २५ ऑगस्ट १९१६ रोजी स्थापन झाली. तिच्या शताब्दीनिमित्त अमेरिकन रेडिओ रिले लीगने वर्षभर राष्ट्रीय उद्यानांतून प्रक्षेपण करण्याचा कार्यक्रम राबवला, त्यात दहा लाखांहून अधिक संपर्क नोंदले गेले, आणि ते वर्ष सरल्यावरही हौशींनी ही प्रथा नव्या नावाने चालू ठेवली.

दक्षिण युटाची निवड मी केवळ निसर्गसौंदर्यासाठी केली नव्हती. पठाराची तुटलेली कड, वाळूचे सपाट खोरे, उंच भिंतींची घळ, अडीच हजार मीटरवरचे जंगल आणि खोल दरी ही सगळी भूरूपे तिथे एकमेकांपासून काही तासांच्या अंतरावर आहेत. रेडिओलहरी जमिनीशी कशा वागतात हे एकाच यंत्राने, एकाच हाताने पडताळून पाहायला याहून चांगली जागा मला ठाऊक नाही. माझ्याकडे अमेरिकेचा जनरल वर्गाचा परवाना आहे. बरोबर धाकटा भाऊ होता. गाडी त्याच्या ताब्यात आणि रेडिओ माझ्या, अशी आमची वाटणी ठरलेली होती.

सामान निवडताना एक अट सर्वांत वरची होती: जमिनीत खुंटी ठोकायची नाही आणि झाडाला दोर बांधायचा नाही. म्हणून दहा मीटरपर्यंत उघडणारी एकात एक सरकणाऱ्या नळ्यांची फायबरग्लासची काठी घेतली आणि तिच्यासाठी गाडीच्या चाकाखाली दाबून ठेवायचे लोखंडी बैठक घेतली. गाडीचे वजन हाच तिचा आधार. तारांची दुसरी टोके धरायला दोन तिपाया होत्या आणि त्या वाऱ्याने कलंडू नयेत म्हणून त्यांना टांगायला पाण्याचे डबे. रेडिओ शंभर वॅटपर्यंत जाणारा असला, तरी कामापुरतीच शक्ती वापरावी असे अमेरिकेचे हौशी रेडिओचे नियमच सांगतात, आणि मोर्स या ठिपके-रेषांच्या सांकेतिक लिपीसाठी मी बहुतेक वेळा वीस वॅटवर राहिले. बॅटरी १२.८ व्होल्ट, २० अँपिअर-तासांची लिथियम आयर्न फॉस्फेट, म्हणजे सुमारे २५६ वॅट-तासांचा साठा. शंभर वॅटवर प्रक्षेपण करताना रेडिओ वीस अँपिअरच्या आसपास ओढतो, त्यामुळे एवढ्या साठ्यावर दिवस काढायचा तर कमी शक्ती आणि मोर्स यांना पर्याय नव्हता.

पहिला दिवस : आर्चेस

आर्चेस उद्यानात दोन हजारांहून अधिक नैसर्गिक कमानी नोंदल्या गेल्या आहेत आणि त्यांतील लँडस्केप आर्च जवळजवळ ९३ मीटर रुंदीची आहे. मात्र माझे लक्ष कमानींइतकेच पायाखालच्या मातीकडे होते. रस्त्याच्या आणि पायवाटेच्या बाहेर जिथे तिथे काळपट, खडबडीत, उंचसखल असा एक थर दिसतो. तो सजीव आहे. सायनोबॅक्टेरिया, शेवाळे आणि दगडफुले मिळून तो घडवतात. वाळूचे कण तो एकत्र बांधतो, पाणी धरतो आणि हवेतील नायट्रोजन मातीत आणतो. एका पावलाने तो मोडतो आणि पुन्हा जमायला त्याला वर्षानुवर्षे, काही ठिकाणी दशके लागतात. ॲन्टेनाची एक तार सरळ करण्यासाठी चार पावले आत जाण्याचा मोह इथे प्रत्येक हौशीला होऊ शकतो. ती चार पावले टाकायची नाहीत, आणि ती टाकल्यावाचून केंद्र उभे राहत नसेल तर तिथे केंद्र उभारायचे नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

उद्यानाच्या माहिती केंद्रात आधी विचारून घेतले. पुढच्या प्रत्येक ठिकाणीही हेच केले, कारण ॲन्टेना उभारण्याविषयीचे नियम उद्यानागणिक बदलतात आणि काही ठिकाणी वेगळा परवाना लागतो. आमच्या मुक्कामाच्या जागेचा डांबरी तळ गाडीपुरता होता, म्हणून आडवी तार ताणण्याचा प्रश्नच नव्हता. काठीच्या बाजूने ५.१ मीटर लांबीची उभी तार चढवली. १४ मेगाहर्ट्‌झच्या, म्हणजे २० मीटरच्या पट्ट्यासाठी ती पाव तरंगलांबी होते. तेवढ्याच लांबीच्या दोन तारा कमरेच्या उंचीवर गाडीच्या पुढच्या आणि मागच्या बाजूला तिपायांपर्यंत नेल्या. त्या जमिनीवर टाकल्या असत्या तरी चालले असते, परंतु कोरडा वालुकाश्म विजेचा फार वाईट वाहक आहे आणि उभ्या ॲन्टेनाची बरीच शक्ती अशा जमिनीत उष्णता होऊन संपते. तारा जमिनीपासून उचलल्या की हा तोटा पुष्कळ कमी होतो.

रेडिओ चालू करताच ऐकू आली ती आमच्याच गाडीची घरघर. इन्व्हर्टर, सौर पॅनेलचा नियंत्रक, फोनचे चार्जर यांतले कोणते उपकरण गोंगाट करते हे शोधायची एकच खात्रीची रीत आहे: एकेक बंद करत जायचे. भाऊ एकेक प्लग काढी आणि विचारी, “ताई, आता?” तिसऱ्या प्लगला सिग्नल-मापकाचा काटा चार घरे खाली आला. दोषी होता एक लहानसा यूएसबी चार्जर. त्याच्या वायरीला ३१ क्रमांकाच्या मिश्रणाच्या फेराइट कड्यातून काही वेढे दिले आणि तरीही प्रक्षेपणाच्या वेळात तो बंदच ठेवायचे ठरवले.

दुपारी चारनंतर मोर्समध्ये सीक्यू, म्हणजे ऐकणाऱ्या कोणालाही उद्देशून हाक, द्यायला सुरुवात केली. आदल्या रात्रीच उपक्रमाच्या संकेतस्थळावर येण्याची वेळ आणि उद्यान जाहीर करून ठेवले होते. त्याचा उपयोग असा की मोबाइलला सिग्नल नसला तरी चालते. रिव्हर्स बीकन नेटवर्क नावाचे जगभर पसरलेले स्वयंचलित रिसीव्हर मोर्समधील सीक्यू ऐकून कॉलसाइन (परवान्यासोबत मिळणारे केंद्राचे ओळखनाव), वारंवारता आणि सिग्नलची ताकद प्रसिद्ध करतात, आणि जाहीर केलेल्या ॲक्टिव्हेशनशी कॉलसाइन जुळले की हंटर मंडळींच्या पडद्यावर ते आपोआप उमटते. काही मिनिटांतच उत्तरांची रांग लागली. इलिनॉय, ओहायो, जॉर्जिया, न्यूयॉर्क अशी पूर्वेची राज्ये एकामागून एक नोंदली जात होती. शेजारच्या कोलोरॅडोतून किंवा खुद्द युटातून मात्र कोणीच नव्हते. २० मीटरची लहर जमिनीलगत निघून आयनांबरावर, म्हणजे वातावरणाच्या उंचावरील विद्युतभारित थरांवर, आदळते आणि पहिल्यांदा खाली उतरते ती बऱ्याच दूरवर. त्याआधीचा सगळा प्रदेश तिच्या उडीखाली राहतो. हा मौनाचा पट्टा मला तीन दिवसांनी भरून काढायचा होता.

संध्याकाळी सहा वाजता यूटीसीची तारीख बदलली. उन्हाळी वेळ चालू असताना युटा यूटीसीच्या सहा तास मागे असते, त्यामुळे सूर्य वर असतानाच वहीत नवा दिवस लिहावा लागतो आणि त्याच जागेवरून पुन्हा दहाची मोजणी सुरू होते. शेजाऱ्यांचे जनरेटर बंद होण्याची वेळ झाल्यावर पट्टा आणखी स्वच्छ झाला.

दुसरा दिवस : कड्यावर

सकाळी डेड हॉर्स पॉइंट राज्य उद्यानात गेलो. तिथून कोलोरॅडो नदी जवळजवळ ६०० मीटर खाली वळण घेताना दिसते. एवढ्या उंचीवर हातातल्या लहान व्हीएचएफ (अतिउच्च वारंवारतेच्या) संचाचेही बळ वाढते, कारण त्या लहरी आयनांबरावरून परतत नाहीत, त्यांना सरळ दृष्टिरेषा लागते. मीटरमधील उंचीच्या वर्गमुळाला ४.१२ ने गुणले की किलोमीटरमध्ये रेडिओ क्षितिज मिळते; ६०० मीटरला ते सुमारे १०० किलोमीटर भरते. हा हिशेब समोर सपाट भूमी आहे असे धरून केलेला असतो, आणि इथे समोर नदीपलीकडची पठारे उभी आहेत. तरी पूर्वेला ला साल पर्वताची रांग उघडी दिसत होती आणि तिचे सर्वोच्च शिखर, माउंट पील, ३,८७७ मीटर उंच आहे. १४६.५२ मेगाहर्ट्‌झवर हाक दिली तेव्हा त्याच डोंगरात पायी चालणाऱ्या एका हौशीने स्वच्छ आवाजात उत्तर दिले.

दुपारनंतर कॅनियनलँड्सच्या आयलंड इन द स्काय विभागात शिरलो. हे उद्यान १९६४ मध्ये घोषित झाले. ग्रँड व्ह्यू पॉइंटला रस्ता संपतो आणि जमीनही संपते. दक्षिणेला आणि नैर्ऋत्येला पायरीपायरीने खाली जाणारे कडे आणि त्यांच्या तळाशी ग्रीन व कोलोरॅडो या नद्यांनी कोरलेल्या घळी. संपूर्ण प्रवासात मला सर्वाधिक उत्सुकता याच जागेची होती.

आडव्या ॲन्टेनाची लहर किती खालच्या कोनात निघेल हे तिच्या जमिनीपासूनच्या उंचीवर ठरते. नऊ मीटरवरची डायपोल, म्हणजे मध्यावर रेडिओला जोडलेली दोन हातांची तार, २० मीटरच्या पट्ट्यात सपाट मैदानावर मध्यम कोनात काम करते, कारण तिची जमिनीवरून परावर्तित झालेली लहर सरळ निघालेल्या लहरीत मिसळून खालच्या कोनातील बळ कमी करते. समोरची जमीनच शेकडो मीटर खाली गेलेली असेल तर त्या दिशेला ॲन्टेना खूप उंच मनोऱ्यावर बसवल्यासारखी वागते आणि क्षितिजाजवळच्या कोनात बळ वाढते. अशा ठिकाणी दिशा आपण निवडत नाही, कडा निवडतो. ग्रँड व्ह्यूचा कडा नैर्ऋत्येला उघडा आहे, आणि युटातून न्यूझीलंडची दिशा नेमकी तीच येते.

गर्दी ओसरेपर्यंत थांबलो. वाहनतळाच्या अगदी टोकाची जागा मिळाली, तिथे काठी उभी करून दहा मीटर लांबीची डायपोल उलट्या व्ही आकारात सोडली आणि तिची टोके तिपायांना बांधली. कोणी तारेला हात लावू नये म्हणून भाऊ शेजारी उभा राहिला. प्रक्षेपण चालू असताना तार माणसांपासून दूर असणे ही परवानाधारकाचीच जबाबदारी आहे. सूर्य मावळण्याच्या सुमारास कॅलिफोर्निया आणि हवाई आटोपले. अंधार पडू लागला तसे पूर्वेकडचे सिग्नल विरत गेले आणि त्यांच्या मागून एक बारीक, किंचित थरथरता मोर्सचा स्वर वर आला. न्यूझीलंड. वीस वॅट, एक साधी तार, आणि अकरा हजार किलोमीटरहून अधिक अंतर. त्या केंद्राने माझे कॉलसाइन पहिल्याच हाकेत पूर्ण परत पाठवले, आम्ही एकमेकांना सिग्नलचे अहवाल दिले आणि संपर्क संपला. सारे मिळून एक मिनिटही लागले नसेल. त्यानंतर मी रेडिओ बंद न करता बराच वेळ नुसती ऐकत राहिले.

तिसरा दिवस : गॉब्लिन व्हॅली

इंटरस्टेट ७० वरून ग्रीन रिव्हर गाठून २४ क्रमांकाच्या रस्त्याने दक्षिणेला वळलो. गॉब्लिन व्हॅलीत एन्ट्राडा वालुकाश्माचे गोलसर, बुटके खडक शेकड्यांनी उभे आहेत. मऊ थर लवकर झिजतो, वरचा कठीण थर टोपीसारखा उरतो, आणि अशी रूपे तयार होतात.

वारा जोराचा होता. काठी उभारण्याचा विचार सोडून दिला आणि गाडीवर बसवायचा अडीच मीटरच्या आतला चाबूक ॲन्टेना लावला. ७ मेगाहर्ट्‌झला पाव तरंगलांबी दहा मीटरच्या घरात जाते; एवढा आखूड दांडा त्यावर चालवायचा तर तळाशी किंवा मध्यावर गुंडाळी लागते, त्याचा प्रारणरोध (लहर होऊन बाहेर पडणाऱ्या शक्तीचे माप) काही ओहम इतकाच उरतो आणि पुष्कळशी शक्ती गुंडाळीत व जमिनीत जिरते. गाडीचे दरवाजे, बॉनेट आणि सांगाडा जाड वेणीच्या तारेने एकमेकांना जोडलेले असले तर हा तोटा थोडा कमी होतो. दहाची अट पूर्ण व्हायला वेळ लागला, पण झाली.

चौथा दिवस : कॅपिटल रीफ

भूकवचाला पडलेली एक लांबच लांब घडी म्हणजे वॉटरपॉकेट फोल्ड. ती जवळजवळ १६० किलोमीटर पसरली आहे आणि तिचेच रक्षण हे उद्यान करते. फ्रीमॉंट नदीच्या काठी फ्रुटा नावाची जुनी वसाहत आहे; १८८० च्या दशकात मॉर्मन कुटुंबांनी ती वसवली, आणि त्यांच्या फळबागा आता उद्यानाचे कर्मचारी सांभाळतात. त्याहून कितीतरी जुन्या फ्रीमॉंट संस्कृतीच्या लोकांनी कोरलेली चित्रे २४ क्रमांकाच्या रस्त्यालगतच्या कड्यावर आजही दिसतात.

दोन्ही बाजूंना उंच भिंती आणि मध्ये नदीचा अरुंद तळ. अशा जागी दूरची केंद्रे मिळत नाहीत म्हणून बरेच जण पुढे निघून जातात. मला नेमकी हीच जागा हवी होती, कारण पहिल्या दिवशी मौन राहिलेला शेजार इथून बोलणार होता.

युक्ती ही की लहर क्षितिजाकडे पाठवायचीच नाही, जवळजवळ सरळ डोक्यावर पाठवायची. आडवी डायपोल जमिनीपासून तरंगलांबीच्या एक दशांश ते पाव उंचीवर ठेवली की तिचे बळ वर जाते, आयनांबराच्या एफ या सर्वांत वरच्या थरावरून ती उभीच परत येते आणि आजूबाजूच्या शेकडो किलोमीटरच्या वर्तुळात सर्वत्र पडते. मध्ये डोंगर असो वा दरी, तिला अडवायला काहीच उरत नाही. मात्र वारंवारता एका मर्यादेखाली असावी लागते. सरळ वर पाठवलेली लहर जिथवर परत येते त्या कमाल वारंवारतेला क्रांतिक वारंवारता म्हणतात. सूर्य सक्रिय असलेल्या वर्षांत ती दिवसा ७ मेगाहर्ट्‌झच्या बरीच वर असते, रात्री खाली घसरते. म्हणजे दिवसा ७ मेगाहर्ट्झचा, अर्थात ४० मीटरचा पट्टा आणि रात्री ८० मीटरचा. त्याउलट फार खाली गेलो तर दिवसा आयनांबराचा सर्वांत खालचा डी थर लहर शोषून घेतो. या दोन भिंतींमधली जागा शोधणे हे या पद्धतीचे सगळे कौशल्य आहे.

मुक्कामाच्या जागेवर तार ताणण्याइतकी मोकळी पट्टी होती. जवळपास वीस मीटर लांबीची तार चार मीटरवर ताणली: मध्यभागी गाडीजवळची काठी, तीही पूर्ण न उघडलेली, आणि टोकांना पाण्याचे डबे टांगलेल्या तिपाया. शेजारीच फळझाडांची रांग होती आणि तिच्या फांद्या ॲन्टेनासाठी अगदी योग्य उंचीवर होत्या. त्यांना तार लावली नाही. ही झाडे इतिहासाचा भाग आहेत आणि दोराचा एक वळही त्यांच्या सालीवर राहू नये.

इथे मोर्स सोडून मी मायक्रोफोन घेतला. युटा, कोलोरॅडो, ॲरिझोना, नेव्हाडा, आयडाहो. सगळे सिग्नल जवळजवळ सारख्याच ताकदीचे, आणि क्षितिजावरून येणाऱ्या सिग्नलसारखी चढउतार नसलेले. हाका एवढ्या वाढल्या की कॉलसाइनचे एकेक अक्षर पकडून केंद्रे वेगळी करावी लागली. त्यांतले एक केंद्र दुसऱ्या उद्यानातूनच बोलत होते. उद्यानातून उद्यानाशी झालेला संपर्क दोन्ही बाजूंना वेगळा मोजला जातो आणि पाइल-अपमध्ये, म्हणजे एकाच वेळी उठणाऱ्या हाकांच्या गर्दीत, अशा केंद्राला वाट करून देण्याचा शिष्टाचार सर्व जण पाळतात. दर दहा मिनिटांनी स्वतःचे कॉलसाइन सांगण्याचा नियम अमेरिकेत कायद्यानेच आहे, तो पाळायला गर्दीच्या वेळी भावाने घड्याळावर लक्ष ठेवले.

संध्याकाळी एक रेंजर तारेकडे पाहत थांबल्या. परवानगीचा कागद दाखवला, खुंट्या कुठेच नाहीत हे दाखवले, आणि हेडफोन त्यांच्या हातात दिला. त्यांनी नेव्हाडातल्या केंद्राचे बोलणे शेवटपर्यंत ऐकले आणि तार इतकी खाली का बांधली आहे, असा अगदी नेमका प्रश्न विचारला.

पाचवा दिवस : बारा क्रमांकाचा रस्ता

टॉरीपासून दक्षिणेला जाणारा १२ क्रमांकाचा रस्ता बोल्डर माउंटनवर सुमारे २,९०० मीटर उंची गाठतो. ॲस्पेनची पाने पिवळी पडू लागली होती. चालत्या गाडीत मी फक्त ऐकते. प्रक्षेपण गाडी थांबल्यावर. एका दर्शनस्थळी थांबून २८ मेगाहर्ट्‌झचा पट्टा तपासला. सूर्याच्या सक्रियतेच्या चढउताराचे पंचविसावे सौरचक्र २०२४ मध्ये कळसाला पोहोचले आणि त्यानंतरही हा पट्टा सकाळी जिवंत असतो. चाबूक ॲन्टेना या वारंवारतेला जवळजवळ पूर्ण पाव तरंगलांबीचा होतो, त्यामुळे गॉब्लिन व्हॅलीत अपुरा वाटलेला तोच दांडा इथे उत्तम चालला आणि दहा वॅटवर युरोपातील केंद्रे मिळाली.

एस्कलांटेमार्गे संध्याकाळी ब्राइस कॅनियनला पोहोचलो. वाटेत दर तासाच्या अठराव्या मिनिटाला कोलोरॅडोतील फोर्ट कॉलिन्सचे डब्ल्यूडब्ल्यूव्ही हे प्रमाणवेळ केंद्र लावत होते. १९६६ पासून ते तिथूनच प्रक्षेपण करते आणि २.५, ५, १०, १५ व २० मेगाहर्ट्‌झवर ऐकू येते. त्या मिनिटाला ते सौर फ्लक्स, म्हणजे सूर्याच्या रेडिओ प्रारणाचे माप, आणि पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची अस्थिरता दाखवणारे ए व के निर्देशांक सांगते. शिवाय कोणत्या वारंवारतेवर ते किती स्पष्ट ऐकू येते यावरूनच आयनांबराची स्थिती कळते, म्हणून इंटरनेट नसलेल्या प्रवासात मी याहून अधिक विश्वास दुसऱ्या कशावरही ठेवत नाही. के निर्देशांक पाच झाला होता. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात वादळ सुरू झाले होते. विषुवदिनाच्या आसपास अशी वादळे अधिक येतात.

सहावा दिवस : ब्राइस

ब्राइसची कड २,४०० ते २,७०० मीटरवर आहे. खडकाच्या भेगांत शिरलेले पाणी रात्री गोठते, फुगते, दिवसा वितळते, आणि या रोजच्या उलाढालीतून तिथले हूडू नावाचे सुळके कोरले गेले आहेत. हीच थंडी बॅटरीलाही लागू पडते. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी शून्याखालीही वीज देते, पण शून्याखाली तिला चार्ज केले तर आत धातुरूप लिथियम जमून तिचे कायमचे नुकसान होते. म्हणून रात्री ती गाडीच्या आत, पांघरुणाजवळ ठेवली होती, आणि सकाळी ऊन आल्यावरही तिचे तापमान पाहूनच सौर पॅनेल जोडले.

पट्टे उदास होते. वादळात एफ थरातील इलेक्ट्रॉनांची घनता घटते, वरच्या वारंवारता परत येईनाशा होतात, आणि ध्रुवाजवळून जाणारे मार्ग सर्वांत आधी बंद पडतात. आदल्या सकाळी सहज मिळालेले युरोप त्याच मार्गावर आहे. २८ मेगाहर्ट्‌झवर शांतता, १४ वर दोनतीन दुबळे स्वर. शक्ती वाढवून अशा वेळी काही साधत नाही, पट्टा बदलून साधते. ३० मीटरच्या, म्हणजे १०.१ मेगाहर्ट्‌झच्या पट्ट्यावर उतरले. अमेरिकेत तिथे आवाजाला परवानगी नाही, फक्त मोर्स आणि डेटा चालतो, आणि म्हणून तो शांतही असतो. टेक्सास आणि कॅलिफोर्नियाने उत्तर दिले, मग दक्षिणेकडून मेक्सिको. उत्तरेची बाजू मिटलेली असताना दक्षिणेचे मार्ग उघडे राहतात हे वाचून माहीत होते. नोंदवहीत ओळीने लिहिताना ते समोर दिसले. दहावा संपर्क दुपारी झाला.

सातवा दिवस : झायॉन

ब्राइसकडून झायॉनला जाताना १९३० मध्ये खुला झालेला १.८ किलोमीटर लांबीचा बोगदा लागतो. त्यात शिरताच रेडिओ मुका होतो आणि बाहेर पडताच दरी एकदम उघडते. हंगामात मुख्य दरीत खासगी गाड्यांना मज्जाव असतो, उद्यानाची शटल बस असते. म्हणून गाडी खाली ठेवून पाच वॅटचा लहान संच, छोटी बॅटरी आणि पातळ तार पाठीवर घेतली.

सहलीच्या बाकांजवळ, लोकांच्या वाटेपासून दूर, तार हलक्या तिपायांवर ताणली आणि आधी भिंतीचा कोन मोजला. भिंत ६०० मीटर उंच आणि तिचा पाया ४०० मीटर दूर असेल तर ५६ अंशांखालचे आकाश झाकले जाते. ३०० किलोमीटर उंचीच्या थरावरून ५६ अंशांनी परतणारी लहर सुमारे ४०० किलोमीटरवर उतरते. पूर्वेला आणि पश्चिमेला याहून दूरचे काही मिळायचे नाही, हे बसण्याआधीच ठरलेले होते. दरी मात्र साधारण उत्तर-दक्षिण धावते आणि दक्षिणेला मोकळी होते.

वादळ ओसरले होते. ४० मीटरवर पहिले उत्तर लास व्हेगासहून आले, मग सेंट जॉर्जचे एक केंद्र, मग उत्तर ॲरिझोना. मोकळ्या बाजूने ॲरिझोनाच्या दक्षिण टोकापर्यंतचे एक केंद्र मिळाले. भिंतींच्या बाजूंना आकडेमोडीने आखलेल्या वर्तुळाबाहेर एकही नाही. पाच वॅटचा सिग्नल रिव्हर्स बीकनच्या ज्या रिसीव्हरांनी पकडला तेही सगळे याच भागातले होते. सूर्य भिंतीआड गेल्यावर तार गुंडाळली, तिपायांखालची जमीन पाहून घेतली आणि शेवटच्या आधीची शटल पकडली.

रात्री मुक्कामावर नोंदी वेगळ्या केल्या. प्रत्येक उद्यानाची स्वतंत्र एडीआयएफ (संपर्कनोंदींच्या ठरलेल्या स्वरूपातली) फाइल लागते आणि वेळा यूटीसीत असाव्या लागतात, त्यामुळे ग्रँड व्ह्यूच्या संध्याकाळचे न्यूझीलंड वहीत पुढच्या तारखेला गेले. हंटरना काहीच पाठवावे लागत नाही. त्यांचे श्रेय आम्ही चढवलेल्या नोंदीवरूनच त्यांना मिळते. म्हणून प्रत्येक कॉलसाइन भावाने मोठ्याने वाचले आणि मी वहीशी ताडून पाहिले. कॅपिटल रीफच्या गर्दीतल्या एका कॉलसाइनचे शेवटचे अक्षर संशयास्पद वाटले; ध्वनिमुद्रण पुन्हा लावून ऐकले, अक्षर पक्के केले आणि मगच ती फाइल चढवली.